'आम्हाला अभिमान आहे' हे रशियन आणि चिनी भाषेत कसं म्हणतात?

ओतकाम_शिरोली

नमस्कार मंडळी. मदतही हवी आहे आणि चर्चाही.

शिरोलीला आमची फौंड्री आहे, पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज करतो. पुढच्या महिन्यात रशियातून आणि चीनमधून पाहुणे येणार आहेत. दारातून आत आल्यावर समोरच्या भिंतीवर मराठीत फलक आहे : 'आमच्या कामाचा आम्हाला अभिमान आहे.' त्याखाली हेच वाक्य रशियन आणि चिनी भाषेत हवं, असं साहेबांनी सांगितलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

चिनीसाठी दोघांकडून भाषांतर घेतलं. एकाने 'अभिमान'साठी च्याओ-आओ हा शब्द घातला. दुसऱ्याने तो खोडून त्स-हाओ केला आणि खाली टीप लिहिली की पहिला शब्द घातलात तर पाहुण्यांना तुम्ही गर्विष्ठ वाटाल. रशियनचंही तसंच. भाषांतर आलं ते 'गर्दीम्स्या' असं क्रियापद घेऊन. पण रशियन शिकणारी मैत्रीण म्हणाली, जपून वापर, गोर्दस्त हे त्यांच्या धर्मात मोठं पाप आहे.

आता मला फलकापेक्षा प्रश्नातच जास्त रस वाटायला लागलाय. या दोन भाषांत चांगला अभिमान आणि वाईट गर्व वेगळे कसे करतात? तिथे राहिलेल्या, शिकलेल्या लोकांनी सविस्तर लिहा. वेळ आहे माझ्याकडे.

शांघायवारी

चिनीपुरतं सांगतो. तुमच्या दुसऱ्या भाषांतरकाराने बरोबर केलं, पण कारण अर्धंच दिलं.

च्याओ-आओ हा शब्द दोन्हीकडे चालतो. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं : पू याओ च्याओ-आओ, म्हणजे शेफारू नकोस, आणि पुढे 'मेहनत चालू ठेव'. शाबासकीचं एक अक्षर नाही. त्याच महिन्यात शेजारच्या घरातल्या मुलाचं पियानोवादन होतं. ते संपल्यावर त्याच्या आजीने त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, 'तू आमच्या सगळ्या घराचा च्याओ-आओ आहेस.' शब्द तोच. बाईंच्या वहीत तो दोष होता, आजीच्या तोंडी ते सर्वांत मोठं कौतुक होतं.

फरक कशाने पडतो? दुसऱ्याबद्दल वाटला तर अभिमान. स्वतःला, स्वतःच्या यशाने चढला तर गर्व. 'मी तुझ्यासाठी च्याओ-आओ आहे' हे आई मुलाला अगदी मोकळेपणाने म्हणते. पण कोणी नुसतंच 'तो फार च्याओ-आओ आहे' म्हटलं की समजायचं, त्या माणसाचं इथे कोणाशी पटत नाही.

त्स-हाओ मात्र स्वच्छ शब्द आहे, त्याला वाईट बाजू नाही. देशाचा, गावाचा, संघाचा, केलेल्या कामाचा अभिमान म्हणजे त्स-हाओ. फलकासाठी तोच.

व्याकरणवेडा

संस्कृत शिकलेल्यांना रशियन 'गर्दीत्सा' हे क्रियापद फार आवडेल. ते आपल्यासारखं 'कशाचा तरी' अभिमान अशी षष्ठी घेत नाही, चक्क तृतीया घेते. 'मला मुलाचा अभिमान आहे' हे रशियनमध्ये 'मी मुलाने अभिमानतो' असं होतं : या गर्झूस सीनम. शेवटचा 'स्या' किंवा 'स' म्हणजे 'स्वतःला'. आत्मनेपद म्हणा हवं तर. अभिमानाची क्रिया स्वतःकडे वळलेली, आणि ती ज्याच्यामुळे घडते तो तृतीयेत.

फलकाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची. 'आमच्या कामाचा'साठी रशियनमध्ये दोन शब्द आहेत. नाश म्हणजे आमचा. स्वोय म्हणजे आपला, कर्त्याचा स्वतःचा. 'त्याने त्याचं काम केलं' आणि 'त्याने आपलं काम केलं' यांत मराठी माणसाला जो फरक कळतो, तोच. इथे स्वोय हवा : मी गर्दीम्स्या स्वयेय राबोतय. भाषांतरात 'नाशेय' आलं असेल तर चूक नाही, पण 'स्वयेय' जास्त घोटीव लागतं.

पाटणची_पाटी

थांबा थांबा. वाक्य 'मी'ने सुरू होतंय? 'आम्ही' पाहिजे ना?

व्याकरणवेडा

रशियनमध्ये 'आम्ही'ला साधारण 'मी'च म्हणतात. त्यातला स्वर जरा घशाकडचा आहे, देवनागरीत नीट बसत नाही.

पाटणची_पाटी

म्हणजे रशियात दिवसभर 'मी, मी' करणारा माणूस सर्वांत नम्र!

वोल्गाकाठ

पाटणकर, हसलो. आणि गंमत बघा, रशियनमध्ये खरा 'मी' म्हणजे 'या', आणि ते त्यांच्या वर्णमालेतलं शेवटचं अक्षर आहे. 'मी केलं, मला द्या, मी पहिला' असं करणाऱ्या मुलाला मोठी माणसं म्हणतात, 'या पस्लेद्न्याया बूक्वा व अल्फावीत्ये' : 'मी' हे वर्णमालेतलं शेवटचं अक्षर आहे बाळा. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रांग मोडणाऱ्याला सुद्धा हेच ऐकावं लागायचं.

मी तिथे सोव्हिएत काळात शिकलो, त्यामुळे माझं रशियन त्या काळाचं आहे. तेव्हा गोर्दस्त हा शब्द पाप वगैरे मुळीच नव्हता. कारखान्याच्या फाटकाशी 'दस्का पच्योता' असायची, सन्मान-फलक. उत्तम कामगारांचे फोटो, खाली नाव आणि हुद्दा. गिरणीतली बाई कोट झटकून, केस नीट करून आपल्या फोटोसमोर उभी राहायची आणि सोबतच्या बहिणीला काहीच न बोलता फक्त दाखवायची. ती गोर्दस्त.

पण त्याच कारखान्यात कोणी जरा ताठ चालायला लागला की लगेच 'नी झझ्नावाय्स्या' म्हणजे 'शेफारू नकोस'. नाक वर करून चालणं हा वाक्प्रचार त्यांच्याकडेही जसाच्या तसा आहे. या शेफारण्याला त्यांच्याकडे शब्दांची कमतरता नाही. स्पेस हा जुन्या सरदारांचा तोरा. विसकमेरिये म्हणजे दुसऱ्याला खालचा समजणं. त्श्चेस्लाविये म्हणजे पोकळ कीर्तीची हाव. आणि समाल्यूबिये, हा मला सर्वांत रशियन वाटणारा शब्द. अक्षरशः स्वतःवरचं प्रेम, पण वापर असा की ते नेहमी दुखावलेलं असतं. आपल्याकडे एखाद्याला 'फार मानी आहे' म्हणतो, एवढ्या तेवढ्याने त्याला लागतं, तो उठून जातो. ते समाल्यूबिये.

ओतकामताई, फलकावर गर्दीम्स्या खुशाल घाला. रशियन पाहुण्याला त्यात काही खटकणार नाही.

निर्मळा

वोल्गाकाकांशी आदरपूर्वक असहमत, निदान अर्ध्या भागापुरती.

आज रशियन माणसं सर्रास सांगतात की गोर्दस्त चांगली आणि गर्दिन्या वाईट. मुलाच्या यशाने वाटते ती गोर्दस्त, देवापुढेही न वाकणारी ती गर्दिन्या. बोलण्यात हा भेद खरा आहे. पण चर्चच्या शिकवणीत तो इतका सुटसुटीत नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत आठ वासना मोजतात. कॅथलिकांची सात पापं सर्वांना माहीत असतात, ही यादी त्याहून जुनी, चौथ्या शतकातल्या वाळवंटातल्या साधूंची. तिच्यात सातवी त्श्चेस्लाविये आणि आठवी, शेवटची आणि सर्वांत घातक, गोर्दस्तच! गर्दिन्या नव्हे, साधी गोर्दस्त. तेव्हा ताईंच्या मैत्रिणीचं म्हणणं निराधार नाही. चर्चमध्ये कबुलीजबाबाला उभं राहिलेलं माणूस 'माझ्यात गोर्दस्त आहे' म्हणतं तेव्हा ते पापच सांगत असतं.

कीर्तीची हाव आणि गर्व या दोन वेगळ्या वासना मानल्यात, हे मला फार बारकाईचं वाटतं. पहिलीला टाळ्या लागतात. दुसरीला कोणीच लागत नाही, देवही नाही.

तिसरी_घंटा

निर्मळा आणि वोल्गाकाठ दोघंही बरोबर आहेत. मध्ये बावीस वर्षांत काय झालं ते बघा.

१८८० च्या जूनमध्ये मॉस्कोत पुश्किनच्या पुतळ्याचं अनावरण झालं. त्या सोहळ्यात दस्तयेव्हस्कीने भाषण केलं आणि रशियन सुशिक्षिताला उद्देशून म्हणाला : 'स्मिरीस, गोर्दी चेलव्येक', नम्र हो, गर्विष्ठ माणसा. लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले, अशी त्या सभेची वर्णनं आहेत. पुढे १९०२ मध्ये गोर्कीचं 'तळागाळात' हे नाटक रंगमंचावर आलं. अंधाऱ्या तळघरातल्या धर्मशाळेत राहणारा, तुरुंगातून आलेला, दारू प्यायलेला सातिन म्हणतो : 'चेलव्येक! एता झ्वुचीत गोर्दा', माणूस! किती अभिमानाने उच्चारावा असा शब्द आहे हा.

शब्द तेच दोन, गोर्दी आणि चेलव्येक. एकाने माणसाला वाकायला सांगितलं, दुसऱ्याने ताठ उभं केलं. नंतर क्रांती झाली आणि शाळेच्या भिंतीवर गोर्कीचं वाक्य गेलं. वोल्गाकाकांनी पाहिलेली गोर्दस्त ही त्या भिंतीवरची आणि निर्मळाताई म्हणतात ती भाषणातली. आजच्या रशियन माणसाच्या मनात दोन्ही आहेत.

सातिनची भूमिका करणाऱ्या नटांची त्या वाक्यावर फार ओढाताण होते. टाळी घ्यावीशी वाटते. माझ्या मते ते वाक्य टाळीसाठी म्हटलं की मेलं. समोर बसलेल्या चार भणंग माणसांना पटवायचं आहे, तेवढ्याच आवाजात ते बोलायला हवं.

वोल्गाकाठ

वा. घंटाताई, हे नेमकं पकडलंत. यात १९१४ चा लेनिनचा 'रशियनांच्या राष्ट्रीय अभिमानाबद्दल'चा लेखही जोडा. त्यातही शब्द गोर्दस्तच. त्याचा मुद्दा असा की आम्हाला अभिमान आहे तो जुलमाविरुद्ध उठलेल्या रशियनांचा, जुलूम करणाऱ्यांचा नाही. म्हणजे क्रांतीच्या आधीच शब्दाची चर्चमधून बाहेर काढून धुलाई सुरू झाली होती.

ठाम_मत

सरळ आहे. रशियन लोक मुळातच गर्विष्ठ म्हणून त्यांच्याकडे इतके शब्द. चिनी लोक नम्र म्हणून त्यांना एकच शब्द पुरतो. भाषा म्हणजे समाजाचा आरसा.

शांघायवारी

नाही हो. चिनीतही शब्दांची रांग आहे, मी दोनच लिहिले. आओमान म्हणजे उद्धटपणा. त-यी म्हणजे स्वतःवर खूश होऊन मिरवणं. त्स-त्सून म्हणजे स्वाभिमान, तो नसला तर माणसाला कमी लेखतात. शेफारलेल्याला 'शेपूट वर केली' म्हणतात, छ्याओ वेइपा. आणि स्वतःला जगात मोठा समजणाऱ्यासाठी 'येलांगचा मोठेपणा'. येलांग हे नैर्ऋत्येकडचं लहानसं राज्य. त्याच्या राजाने हान साम्राज्याच्या दूताला विचारलं, आमचं राज्य मोठं की तुमचं? दोन हजार वर्षं झाली, अजून त्या राज्याचं नाव घेतात.

मोडी_वाचक

ठाम_मत, शब्दकोशावरून माणसं मोजायला लागलो तर आधी आपल्या दारात बघावं लागेल. अभिमान, गर्व, अहंकार, माज, मस्ती, ताठा, तोरा, घमेंड, मिजास, ऐट, दिमाख. मग आपण कोण?

आणि शेजारीच बघा. मराठीत गर्व वाईट : 'गर्वाचे घर खाली'. अभिमान चांगला. हिंदीत नेमकं उलट झालंय. 'मुझे तुम पर गर्व है' हे बाप लेकाला प्रेमाने म्हणतो आणि 'अभिमानी' म्हणजे घमेंडखोर. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही भाषा सख्ख्या, एकाच रेल्वेच्या डब्यात बसणारी माणसं. तरीही चांगलं आणि वाईट यांची अदलाबदल झाली. यावरून मराठी आणि हिंदी माणसाचा स्वभाव कोणी सांगून दाखवावा.

हल्ली मराठी बातम्यांत 'गर्वाची बाब' ऐकू येतं, तेव्हा माझ्या कानाला अजूनही ठेच लागते. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीबद्दल 'आई-वडिलांना गर्व' असं वाचलं की वाटतं, बिचाऱ्यांनी काय अपराध केला.

आज्जी_ऑनलाइन

मोडी_वाचक, शंभर टक्के. आमच्या घरी 'गर्व' शब्द फक्त रावणाबरोबर यायचा.

ठाम_मत

हिंदीचं उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण चिनी लोक कौतुक झालं की अंग चोरतात हे मी स्वतः पाहिलंय. त्याचं काय?

सुचौ_डायरी

पाहिलंत ते बरोबर, मात्र ती रीत आहे. 'तुमचं चिनी छान आहे' म्हटलं की उत्तर 'नाली नाली'. त्याचा अर्थ 'कुठे, कुठे'. मराठीत आपण 'छे हो, कुठलं काय' म्हणतो तेच, अगदी 'कुठे'सकट. जुन्या औपचारिक भाषेत तर स्वतःच्या मुलाला छ्वान-त्स म्हणत, कुत्र्याचं पोर, आणि स्वतःच्या घराला थंडगार झोपडी. समोरच्याचा मुलगा मात्र हमखास तेजस्वी! आता तरुण मंडळी सरळ 'श्ये-श्ये' म्हणून आभार मानतात आणि विषय बदलतात.

नम्र बढाईलाही त्यांनी नाव ठेवलंय. २०२० मध्ये 'व्हर्साय साहित्य' हा शब्द फार चालला, फ्रान्समधल्या त्या राजवाड्यावरून. तक्रारीच्या सुरात श्रीमंती किंवा हुशारी सांगायची : 'आमचा नवा फ्लॅट इतका मोठा आहे की मांजर सापडत नाही, वैताग आलाय.' लोक खाली लिहितात, फार व्हर्साय झालं हं.

पाटणची_पाटी

हे साहित्य आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज प्रसिद्ध होतं. 'पिंट्याला नव्व्याण्णवच पडले, काय करावं समजत नाही.'

आज्जी_ऑनलाइन

कुत्र्याचं पोर वाचून आठवलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायचे. कौतुकाचं नाव ठेवलं तर दृष्ट लागते. चीनमध्येही असं आहे का?

सुचौ_डायरी

आहे ना आज्जी. उत्तरेकडच्या खेड्यांत कोउ-शंग हे नाव असायचं, 'कुत्र्याने टाकलेलं'. असल्या पोराला यम न्यायला येत नाही, हा विचार अगदी धोंडूचाच.

वोल्गाकाठ

रशियन आजी नातवाचं कौतुक केलं की डाव्या खांद्यावरून 'त्फू त्फू त्फू' करते आणि लाकडावर टकटक करते, दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे मोठ्याने अभिमान बाळगायची भीती तिन्हीकडे आहे. शब्द कितीही वेगळे असू देत.

चित्रलिपी

इतकी चर्चा झाली, अक्षरांकडे कोणीच पाहिलं नाही! च्याओ-आओ मधलं 'च्याओ' ज्या चिन्हाने लिहितात त्याच्या डाव्या बाजूला घोडा आहे. इ.स. १०० च्या सुमाराच्या 'शुओवन' या कोशात त्याचा अर्थ दिलाय : सहा छ्ष उंचीचा घोडा. छ्ष हे त्यांचं लांबीचं जुनं माप. उंच, अंगाने भरलेला, लगामाला दाद न देणारा घोडा. त्यावरून उद्दाम माणूस. आणि त्स-हाओ मधल्या 'हाओ'च्या तळाशी चक्क डुक्कर आहे. मूळ अर्थ राठ केसांचा रानडुक्कर किंवा साळिंदर. त्यावरून दांडगा, दिलदार, पराक्रमी माणूस. म्हणजे वाईट गर्वाला घोडा मिळाला आणि स्वच्छ अभिमानाला डुक्कर.

अवांतर : या शब्दांचे उच्चार मराठी माणसाला सोपे आहेत. 'च्याओ'चा च म्हणजे चिंचेतला च. 'त्स-हाओ'चा त्स म्हणजे चमच्यातला च. आपल्याकडे दोन्ही च आहेत. रशियन 'गर्दीत्सा'च्या शेवटीसुद्धा तोच चमच्यातला च आहे.

व्याकरणवेडा

चित्रलिपी, चमच्यातला च वाचून दिवस सार्थकी लागला.

रंगरेषा

घोड्यावरून शू पेइहोंग आठवला. धावणाऱ्या घोड्यांची शाईतली चित्रं काढणारा चित्रकार. १९३९-४० मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनला येऊन राहिला होता. त्याच्या नावावर एक वाक्य सांगतात : माणसात आओ-छी नसावी, पण आओ-कू नसून चालणार नाही. आओ म्हणजे तोच गर्वातला ताठा. छी म्हणजे वारा, श्वास, बाहेर जाणवणारा आव. कू म्हणजे हाड. ताठा बोलण्या-वागण्यात नको, हाडात हवा.

चांगला आणि वाईट अभिमान वेगळे करण्याची ही सर्वांत नेमकी रीत मला वाटते. रशियन परंपरा विचारते, देवापुढे वाकतोस का. शांघायवारींच्या शेजारची आजी म्हणते, अभिमान कोणासाठी. आणि हा विचारतो, तो अंगात कुठे आहे. त्याच्या घोड्यांच्या मानेवरची रेघ पाहा, एका फटकाऱ्यात ओढलेली. पाठीच्या कण्यापर्यंत कुठे थरथर नाही. अंगावर खोगीर नाही, लगाम नाही. हाडातला ताठा म्हणजे काय ते तिथे दिसतं.

इतिहासाचं_पान

चीनमध्ये गर्व हा राज्य बुडवणारा रोग मानतात. 'गर्विष्ठ सैन्य हरणारच' ही जुनी म्हण आहे. ली त्स-छंग या शेतकरी बंडखोराने १६४४ मध्ये बीजिंग घेतलं. मिंग सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. आणि दीड महिन्याच्या आसपास ली शहर सोडून पळाला. सरदार लुटीत आणि मेजवान्यांत रमले, सरहद्दीवरून मांचू आले. बरोबर तीनशे वर्षांनी, १९४४ मध्ये, क्वो मोरो या लेखक-इतिहासकाराने यावर लेख लिहिला. माओने तो पक्षातल्या लोकांना वाचायला लावला. १९४९ च्या मार्चमध्ये शिपाइफो गावातल्या बैठकीत त्याने नम्र राहा, सावध राहा, च्याओ नको, उतावीळपणा नको अशी ताकीद दिली. गाव सोडून बीजिंगला निघताना म्हणाला, आपल्याला ली त्स-छंग व्हायचं नाही. १९५६ च्या पक्ष अधिवेशनातलं त्याचं वाक्य तर शाळाशाळांत गेलं : विनय माणसाला पुढे नेतो, च्याओ-आओ मागे टाकतो.

शांघायवारींच्या मुलीच्या वहीतली लाल शाई इथून आली आहे. पुढे त्या पक्षाने आणि खुद्द माओने हा विनय किती पाळला, हा मोठा आणि दुःखद विषय आहे. कोट्यवधी लोकांनी त्याची किंमत मोजली. शब्द भिंतीवर लिहिल्याने तो अंगात येत नाही, एवढंच इथे म्हणतो.

सोलापूरकर

धाग्यावर चीनचा विषय आहे आणि अभिमानाचाही, तर आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आलंच पाहिजे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, युद्धात शस्त्रक्रिया करत राहिले, चिनी शिकले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय अवघं बत्तीस. श्च्याच्वांगला त्यांचं स्मारक आहे. तिथे त्यांना के तिहुआ म्हणतात. नावातलं शेवटचं 'हुआ' म्हणजे चीन.

इथे कोणता शब्द वापरायचा, जाणकारांनी सांगावं.

शांघायवारी

सोलापूरकर, तुम्ही म्हणाल तर च्याओ-आओ : 'ते आमच्या सोलापूरचे च्याओ-आओ आहेत.' वर आजीने म्हटलं त्याच अर्थाने. आणि आणखी भारदस्त हवं असेल तर 'यी था वेइ रोंग', त्यांना आम्ही आमची शोभा मानतो. रोंग म्हणजे मान, वैभव. यात गर्वाचा वास अजिबात नाही.

ओतकाम_शिरोली

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालपासून जेवणाच्या सुट्टीत धागा वाचून दाखवतेय. आमच्या साच्याच्या विभागातले मामा म्हणाले, 'हाडातला ताठा' हे बरोबर आहे, कास्टिंगमध्ये पोकळी राहिली तर वरून कितीही घासा, दाबाखाली फुटणारच.

आता फलकाचं. रशियन : मी गर्दीम्स्या स्वयेय राबोतय. हे नक्की. चिनीमध्ये त्स-हाओ. पण मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट लिहायची राहिली : तिसऱ्या एका भाषांतरकाराचं म्हणणं होतं की असं वाक्य यजमानाने स्वतःच भिंतीवर लावूच नये. तुमचं काय मत?

सुचौ_डायरी

लावायला हरकत नाही, तिथल्या कंपन्याही लावतात. पण तिथल्या कारखान्यांत भिंतीवर जास्त दिसतो तो चार अक्षरांचा मजकूर : चिंग यी छ्यू चिंग. चोख आहे ते आणखी चोख करायचं. त्यात 'आम्ही' नाही, 'अभिमान' नाही, फक्त काम आहे. चिनी इंजिनिअर तो वाचून मान डोलावेल आणि थेट कास्टिंग हातात घेईल.

वोल्गाकाठ

मग रशियनसाठीही एक देतो : द्येला मास्तेरा बइत्सा. काम उस्तादाला घाबरतं. म्हण आहे, लहानथोर सगळ्यांना माहीत. माझं मत, दारातल्या फलकावर अभिमानाचं वाक्य राहू दे आणि आत भट्टीजवळ ही म्हण लावा. पाहुणे थांबून फोटो काढतील.

निर्मळा

काकांना अनुमोदन. या म्हणीवर चर्चचाही आक्षेप नाही.

ओतकाम_शिरोली

ठरलं. दारात तिन्ही भाषांत अभिमान. आत साचा विभागात रशियन म्हण आणि चार चिनी अक्षरं. मामांना म्हणीचा अर्थ सांगितला, ते म्हणाले मराठीतही लिहा. उद्या मजकूर छपाईला देते.

चित्रलिपी

छापायला देण्याआधी एक करा. त्स-हाओ मधल्या 'हाओ'सारखंच दिसणारं दुसरं चिन्ह आहे, उच्चारही हाच. त्याच्या तळाशी डुकराऐवजी केस आहे आणि अर्थ 'केसाएवढं, क्षुल्लक'. टंकताना चिनी लोकांकडूनही ही चूक होते. तळाचा भाग मोठा करून बघा. डुक्कर असेल तर त्याला बाजूंनी बऱ्याच तिरक्या रेघा फुटलेल्या दिसतील. केस असेल तर नुसत्या आडव्या रेघा आणि उजवीकडे वळलेला आकडा.

व्याकरणवेडा

आणि रशियन ओळीत स्वयेय आणि राबोतय या दोन्ही शब्दांच्या शेवटच्या अक्षरावर छोटी चंद्रकोर असते, आपल्या 'ॅ'सारखी. काही फॉन्टमध्ये ती उडते. छापखान्यात प्रूफ मागून घ्या, आणि कागदावरच मागा.